सार्वमताचा निकाल सरकारवर बंधनकारक असावा का? सीमाभागापुरतं बोलूया

मार्कंडेय काठ (प्रश्न)

नोव्हेंबर जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं एक वाक्य पुन्हा फिरायला लागतंय: "एकदाचं सार्वमत घ्या आणि मिटवा." म्हणजे कर्नाटकात राहायचं की महाराष्ट्रात जायचं, हे लोकांनाच विचारा. घ्या म्हणणारे पुष्कळ आहेत. निकाल लागल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होणार, हे मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतोय. आपल्या घटनेत सार्वमत बंधनकारक करता येतंय का? गोव्यातला १९६७ चा कौल बंधनकारक होता की सरकारनं मोठ्या मनानं मानला? मोजायचं कसं, जिल्हा धरून, तालुका धरून की गाव धरून? आणि ५० टक्के अधिक एक मत एवढ्यावर शतकभराचा निर्णय करायचा का?

कोण खरा भूमिपुत्र, हा वाद कृपया इथं नको. त्याला बाकीची सगळी फेसबुक पडलीय.

---

कलम तीन

आधी "सरकारवर बंधनकारक" यातलं सरकार कोणतं ते ठरवू. राज्याची हद्द बदलणं बेंगळूरच्या हातात नाही आणि मुंबईच्याही नाही. घटनेच्या कलम ३ प्रमाणे ते संसदेचं काम. विधेयक मांडायला राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि ज्या राज्याची हद्द हलणार त्याच्या विधिमंडळाकडे ते ठराविक मुदतीत मत देण्यासाठी पाठवावं लागतं. मत देण्यासाठी, संमतीसाठी नव्हे.

बाबूलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं, आणि तो खटला आपल्याच मुंबई राज्याच्या पुनर्रचनेवरचा होता. मूळ विधेयकात गुजरात, महाराष्ट्र आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते. संसदेत ते बदलून एकच द्विभाषिक राज्य झालं. ते पुन्हा विधिमंडळाकडे पाठवायला हवं होतं, हा आक्षेप टिकला नाही. ३० जानेवारी २०१४ ला आंध्रच्या विधानसभेनं तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला तेलंगण राज्य झालं. कलम ४ मुळे अशा कायद्याला घटनादुरुस्तीचं विशेष बहुमतही लागत नाही.

मग बाकीच्यांचं वजन किती? बेळगाव महापालिकेनं २००५ साली महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तर राज्य सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. या सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं ऑगस्ट १९६७ मध्ये निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव शहर मात्र होतं तिथंच ठेवावं असं सांगितलं. कर्नाटकानं अहवाल मानला, महाराष्ट्रानं नाकारला, संसदेनं त्यावर कायदा केलाच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी पाच दिवसांच्या अंतरानं एकमेकांविरुद्ध ठराव केले. यातलं काहीच कुणाला बांधत नाही.

आता गोवा. १९६६ च्या डिसेंबरात संसदेनं त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तो मतदारांची इच्छा जाणून घेण्यापुरता होता. अमुक निकाल आला तर गोवा आपोआप महाराष्ट्रात गेला, अशी सोय त्यात नव्हती. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहायला दोन पानं. फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली. कौल "आहे तसंच राहू दे" असा आल्यामुळे पुढं नवीन कायदा करावाच लागला नाही. फूल जिंकलं असतं तर संसदेत वेगळं विधेयक आणावं लागलं असतं, आणि बंधनाची खरी परीक्षा तेव्हा झाली असती. ती झालीच नाही. गोव्याचा दाखला देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

खरा बंधनकारक कौल आपल्याकडे त्याच्या वीस वर्षं आधी झालाय. जुलै १९४७ मधलं सिल्हेटचं सार्वमत. भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलं होतं की वैध मतांचं बहुमत पूर्व बंगालच्या बाजूनं आहे असं गव्हर्नर जनरलनं जाहीर केलं, की आसामचा तो भाग पूर्व बंगालचा होईल. नवा ठराव नाही, नवं विधेयक नाही. २,३९,६१९ विरुद्ध १,८४,०४१ असा निकाल लागला आणि जिल्हा गेला. पण रेषा नेमकी कुठं, हे सीमा आयोगाकडे होतं, म्हणून करीमगंजचा भाग भारतात राहिला. चहामळ्यांतल्या बहुतेक मजुरांना मत नव्हतं, ही तक्रार तिकडं अजून निघते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मंत्र्यानं "निकाल मान्य करू" म्हटल्यानं काहीही बंधनकारक होत नाही. मतदानाच्या आधी मंजूर झालेल्या कायद्यात "असं झालं तर तसं होईल" लिहिलेलं असलं तरच होतं.

---

चव्हाट गल्ली

म्हणजे कौल दिला तरी दिल्लीवाले "बघू" म्हणणार. मग घ्यायचा तरी कशाला ओ?

ग्रीसमध्ये बघा. ५ जुलै २०१५ ला ६१ टक्के लोकांनी कर्जाच्या अटींना नाही म्हटलं आणि आठवड्याभरात त्याच सरकारनं जास्त कडक अटी कबूल केल्या. हॉलंडमध्ये २०१६ ला युक्रेनच्या कराराविरुद्ध ६१ टक्के मतं पडली. तो कौल सल्ल्यापुरता होता, करार शेवटी झालाच, आणि २०१८ ला सार्वमताचा कायदाच काढून टाकला. लोकांना उन्हात रांगेत उभं करायचं आणि वर सल्ल्याबद्दल आभारी आहोत म्हणायचं, ह्याला काय अर्थ आहे?

बंधनकारक नसंल तर घेऊच नका. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा पडलाय, तो तरी चालू द्या.

---

तिलारी घाट

बंधनकारक सार्वमत बघायला लंडनला कशाला जाताय? बेळगावातून चंदगडला या. महाराष्ट्रात दारू दुकानासाठी "उभी बाटली, आडवी बाटली" हे मतदान होतं. निकाल लागला की परवाना बंद करण्यावाचून जिल्हाधिकाऱ्यांना गत्यंतर नसतं. रचना नीट बघा, सीमाभागाच्या प्रश्नातल्या अर्ध्या अडचणी तिथं छोट्या प्रमाणात दिसतात.

गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. उत्पादन शुल्क खातं यादी घेऊन सह्या पडताळतं. इथंच पहिली गळती होते. अंगठा कुणाचा ते कळत नाही, यादीतलं नाव आणि सहीतलं नाव जुळत नाही, एकीनं दोनदा सही केलेली असते. पडताळणीत पास झालं की गुप्त मतदान. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू.

आता मेख. आडव्या बाटलीला पडलेल्या मतांचं बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. समजा यादीत १,२०० बायका आहेत. निवेदनाला ३०० सह्या हव्यात, जिंकायला ६०१ मतं. मतदानाला ८५० आल्या, आडवीला ५९० आणि उभीला २५० पडली, दहा बाद. दुकान चालूच राहतं! कारण यादीत लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी आहेत, मुंबईला कामाला गेलेल्या आहेत, वारलेल्या आहेत, आणि यादीतून नाव काढायला कुणी गेलेलं नाही. घरी बसलेली प्रत्येक बाई आणि मेलेलं प्रत्येक नाव उभ्या बाटलीचं मत होतं. दुकानदाराला प्रचार करावा लागतच नाही, "त्या दिवशी रानात जा" एवढं सांगितलं की झालं.

स्कॉटलंडमध्ये १ मार्च १९७९ ला हेच झालं. स्वतःच्या विधानसभेच्या बाजूनं ५१.६ टक्के मतं पडली, पण कायद्यात यादीच्या ४० टक्क्यांची अट होती आणि ती भरली ३२.९ टक्क्यांपर्यंत. कायदा रद्द झाला. तिथंही मेलेल्या आणि दोन ठिकाणी नोंदलेल्या नावांवरून रण माजलं होतं.

गोव्याचे आकडे या मापात घालून बघा. यादीत ३,८८,४३२ नावं, मतदान ३,१७,६३३ म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. यादीचा निम्मा म्हणजे १,९४,२१६. दोन पानांनासुद्धा तेवढी मतं नाहीत, यादीच्या ४४ टक्केच आहेत. म्हणजे एवढ्या तापलेल्या मतदानातही आडव्या बाटलीचा नियम कुठल्याच बाजूला पार करता आला नसता. उंबरठा ठरवणाऱ्यानं हा हिशेब आधी करावा.

---

नकाशा आणि कंपास

तिलारी घाट यांनी मोजण्याचा मुद्दा चांगला मांडला. मी "कुठे मोजायचं" यावर येतो, कारण निकाल तिथंच ठरतो.

बेळगाव जिल्हा एकगठ्ठा धरला तर गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल, रायबाग हे कानडी तालुके बघता निकाल मतदानाआधीच सांगता येतो. तालुका धरला तर खानापूरचा निकाल वेगळा आणि हुक्केरीचा वेगळा. गाव धरलं तर पाटसकर सूत्र, म्हणजे गाव हा घटक, भाषेचं बहुमत आणि भौगोलिक सलगता. त्याच पायावर आंध्र आणि मद्रासमध्ये हद्दी बदलल्या आणि १९५९ ला तसा कायदा झाला. महाराष्ट्राची मागणी कायम याच सूत्राची आहे. १९५६ च्या पुनर्रचना कायद्यानं अख्खा बेळगाव जिल्हा म्हैसूरला (आजच्या कर्नाटकाला) देताना चंदगड तालुका वगळला होता, म्हणजे जिल्हा फोडताच येत नाही असंही नाही.

युरोपात १९२० ला डेन्मार्क-जर्मनी सीमेवरच्या श्लेस्विगमध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी वापरल्या. उत्तरेचा पट्टा एकगठ्ठा मोजला. ७५ टक्के मतं डेन्मार्कला, म्हणून टोंडरसारख्या शहरात जर्मन मतं जास्त असूनही ते शहर डेन्मार्कला गेलं. दक्षिणेचा पट्टा गाववार मोजायचं ठरलं होतं. आपल्याकडे कुठलाही पक्ष मोजणीचा घटक सुचवतो तेव्हा त्याच्या खिशात जुन्या निवडणुकीचे बूथवार आकडे असतात, हे गृहीत धरून चाला.

सीमाभागाला सगळ्यात जवळचं उदाहरण स्वित्झर्लंडचं. बर्न राज्यात फ्रेंच बोलणारा ज्युरा भाग. २३ जून १९७४ ला सातही तालुक्यांचं एकत्र मतदान झालं आणि वेगळ्या राज्याच्या बाजूनं ३६,८०२ विरुद्ध ३४,०५७ असा कौल आला. तिथं थांबले नाहीत. ज्या तालुक्यांना हा निकाल नको होता त्यांना १९७५ ला पुन्हा मत दिलं. दक्षिणेचे तीन तालुके बर्नमध्ये राहिले. मग नव्या रेषेवरच्या गावांना तिसऱ्यांदा विचारलं. वरून खाली, चाळणीसारखं. नवं राज्य १ जानेवारी १९७९ ला सुरू झालं, तेही देशभरच्या मतदारांनी मान्यता दिल्यावर.

चाळणीतूनही खडे राहतातच. मूतिए गावानं जून २०१७ ला ज्युरात जाण्याचा कौल दिला, अंतर १३७ मतांचं. नगरपालिकेनं स्वतःच प्रचार केला आणि यादीत बाहेरची नावं घुसली म्हणून तो कौल रद्द झाला. मार्च २०२१ ला पुन्हा मतदान, पुन्हा होकार, आणि गाव प्रत्यक्ष ज्युरात गेलं १ जानेवारी २०२६ ला. एका गावाला साडेआठ वर्षं. शेजारच्या लाउफेन खोऱ्याचा १९८३ चा कौलही असाच रद्द झाला, कारण बर्न सरकारनं गुपचूप पैसा पुरवला होता. निकाल बंधनकारक असला की तो रद्द करायची तरतूदही तितकीच पक्की लागते, हे त्यांना अनुभवानं कळलं.

आणि सलगता. ती फक्त कागदावरच्या रेषेची बघू नका. बेळगाव शहराचं पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. गाववार मोजणीत तलाव एका राज्यात, जलवाहिनी दुसऱ्यात आणि शहर पुन्हा पहिल्यात असं होऊ शकतं. १९२१ ला जर्मनी आणि पोलंड यांच्यात वाद असलेल्या अप्पर सायलेशियात शहरं जर्मन आणि भोवतालची खेडी पोलिश असा गुंता होता. वाटणी झाली, पण रेल्वे, पाणी, वीज, शाळा यांच्यासाठी सहाशेहून जास्त कलमांचा करार आणि पंधरा वर्षांची मधली व्यवस्था करावी लागली.

---

मार्कंडेय काठ

नकाशावाले, चाळणीची पद्धत पटली. पण यादीचं काय? आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी पोरं गोव्यात नाहीतर पुण्यात. आणि मतदान जाहीर झाल्यावर दोन्ही राज्यांतून माणसं आणून नावं घातली तर?

---

भाग क्रमांक, अनुक्रमांक

यादीबद्दल मी सांगतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० मध्ये "सामान्यतः राहणारा" हा निकष आहे. घर आहे, जमीन आहे, कुलदैवत आहे, एवढ्यानं नाव राहत नाही. म्हणजे पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्याचं नाव कायद्यानं पुण्यात हवं. प्रत्यक्षात ते गावातच असतं आणि सणाला येऊन तो मत टाकतो. नेहमीच्या निवडणुकीत चालून जातं, बंधनकारक सार्वमतात याच नावांवर हरकतींचा ढीग पडेल. शिवाय आता वर्षात चार अर्हता तारखा (अठरा वर्षं पूर्ण झाली का ते बघायच्या तारखा) आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १ तारीख, त्यामुळे यादी सतत हलती असते. उपाय एकच: कायद्यात मागची तारीख घालायची. म्हणजे विधेयक मांडलं त्याच्या निदान एक वर्ष आधीची यादी. अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांचीच काय ती भर घालायची. माणसं आणायची संधीच उरत नाही.

जन्मानं सीमाभागातले पण बाहेर गेलेले, त्यांना मत द्यायचं का? गोव्यात १९६७ ला बाहेर राहणाऱ्यांना दिलं नव्हतं. अप्पर सायलेशियात दिलं, तर रेल्वे भरभरून लोक आले आणि बहुतेकांनी जर्मनीला मत टाकलं; जे तिथं राहणार नव्हते त्यांनी राहणाऱ्यांचं ठरवलं, ही तक्रार कायम राहिली. माझं मत: देऊ नये. जो तिथल्या सोसायटीत खत घेतो आणि तिथल्या शाळेत पोर घालतो, त्यानं ठरवावं.

बेळगावची आणखी एक खास अडचण. इथं लष्कराची केंद्रं आहेत. नेमणुकीवर आलेले जवान आणि त्यांची कुटुंबं काही अटींवर स्थानिक यादीत नाव घालू शकतात. विधानसभेला हरकत नाही, पण राज्याची हद्द ठरवताना दोन वर्षांनी बदलून जाणाऱ्याचं मत मोजायचं का, हे आधी लिहून ठेवलं पाहिजे. नंतर काढलं की पक्षपात वाटतो.

मतपत्रिका कन्नड आणि मराठी दोन्हीत. प्रश्न "हो की नाही" असा नको. २०१५ ला ब्रिटनमध्ये निवडणूक आयोगाच्याच सूचनेवरून तो बदलून "राहावं" आणि "सोडावं" अशी दोन विधानं केली, कारण "हो"कडे माणूस आपसूक झुकतो. दोन पूर्ण विधानं आणि दोन निर्गुण चिन्हं. भगवा नको, लाल-पिवळा नको, बाटली तर नकोच.

राहिलं मतदान घेणार कोण. कलम ३२४ संसद, विधिमंडळं, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकांपुरतं बोलतं. त्यामुळे आयोगाकडे सार्वमत द्यायचं तर कायद्यात तसं म्हणावं लागेल. आचारसंहिताही आपोआप लागणार नाही. मतदानाच्या आठ दिवस आधी रस्ता मंजूर झाला तर कुणाकडं जाणार?

---

निपाणी बाजार

सगळं वाचलं. तरी बंधनकारक नकोच, असं माझं म्हणणं आहे.

लोक मत देतात ते पाण्याला, दराला, रस्त्याला. जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या ग्रामपंचायतींनी २०१२ च्या सुमारास कर्नाटकात जातो असे ठराव केले, ते कानडी प्रेमानं नव्हे, म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी पोचत नव्हतं म्हणून. २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तेच ठराव बाहेर काढले आणि लगेच महाराष्ट्रानं विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग दिला. समजा तेव्हा बंधनकारक सार्वमत झालं असतं तर? पाणी यायच्या आधी गाव गेलं असतं, आणि पाणी आल्यावर परत यायची वाट नसती. आणि आपण निपाणीसाठी सार्वमत मागितलं तर जत-अक्कलकोटला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

निवडणुकीच्या निकालाला कौल समजणंही सोडा. गोव्यात विलीनीकरणवाला पक्ष निवडणूक जिंकला, जानेवारी १९६७ ला कौल हरला आणि दोन महिन्यांनी पुन्हा निवडणूक जिंकला! म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार असताना "हाच कौल" म्हणणं जितकं कच्चं, तितकंच २०१८ आणि २०२३ ला समितीचा एकही आला नाही म्हणून "प्रश्न संपला" म्हणणंही कच्चं.

खरी गरज रोजची आहे. उतारा मराठीत मिळणं, बसवरची पाटी वाचता येणं, शाळेला मराठी मास्तर मिळणं. केंद्राच्या १९५६ च्या टिपणात लिहिलंय की जिल्ह्यात किंवा लहान भागात १५ ते २० टक्के अल्पसंख्य असतील तर सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या. पण ते टिपण आहे, कायदा नाही, म्हणून कुणी विचारत नाही. ते बंधनकारक करा. कलम ३४७ खाली राष्ट्रपती राज्याच्या एखाद्या भागात भाषेला मान्यता द्यायला सांगू शकतात, तिकडं जोर लावा. सार्वमत जिंकलं तरी रेषेपलीकडं राहिलेल्या मराठी गावाला हेच लागणार आहे, आणि रेषेअलीकडं आलेल्या कानडी गावालाही.

---

कलम तीन

निपाणी बाजार यांचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. पहिला तेवढा नाही. पाण्यासाठी मत देणं हेही मत देणंच. पण घाईत दिलेलं मत टाळता येतं, ते कायद्याच्या मांडणीत.

"बंधनकारक" आणि "सल्ल्यापुरतं" यांच्या मध्येही एक जागा आहे. क्विबेकबाबत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९८ ला सांगितलं की स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळालं तर आपोआप फुटून निघता येत नाही, पण बाकीच्यांवर वाटाघाटीला बसण्याचं बंधन येतं. ब्रिटनमध्ये मतदानपद्धतीवरच्या २०११ च्या सार्वमतात कायदाच असा होता की होकार आला तर मंत्र्यानं तरतुदी लागू करण्याचा आदेश काढलाच पाहिजे. त्याउलट २०१६ च्या ब्रेक्झिटच्या कायद्यात निकालानंतर काय करायचं याचा एक शब्द नव्हता, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि संसदेची परवानगी लागेल असं ८ विरुद्ध ३ न्यायाधीशांनी ठरवलं.

आपल्याकडे कसं लिहावं? संसदेनं कायदा करण्याचं मूळ काम दुसऱ्यावर सोपवू नये, हे दिल्ली कायदे प्रकरणात १९५१ ला ठरलंय. म्हणून "मतदार ठरवतील ती हद्द" असं मोघम लिहिलं तर ते पडण्याची भीती. संसदेनं स्वतः पूर्ण कायदा करावा, परिशिष्टात गावांची नावं घालावीत, मालमत्ता-कर्जाची वाटणी लिहावी आणि फक्त अंमलाची तारीख निकालावर टांगावी. याला सशर्त कायदा म्हणतात, आपल्या न्यायालयांना तो नवा नाही. सिल्हेटचं कलम त्याच जातीचं.

परिशिष्टांत काय काय लागेल याचा अंदाज द्यायचा तर: कर्मचाऱ्यांची वाटणी आणि सेवाज्येष्ठता, धारवाड खंडपीठापुढचे खटले मुंबई उच्च न्यायालयाकडे, म्हणजे आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, कसे जाणार ते, दहावीला बसलेल्या मुलांना निदान तीन वर्षं जुन्याच मंडळाची परीक्षा, पहणीचं (कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याचं) सात-बारात रूपांतर. सहकारी संस्थांची एक गाठ आधीच सुटलेली आहे: बहुराज्य सहकारी संस्था कायदा २००२ च्या कलम १०३ प्रमाणे राज्य पुनर्रचनेमुळे कार्यक्षेत्र दोन राज्यांत गेलेली संस्था आपोआप बहुराज्य ठरते. तंबाखू आणि उसाच्या पट्ट्यात ही लहान गोष्ट नाही.

उंबरठा यादीच्या ५० टक्क्यांचा ठेवू नये. तिलारी घाट यांनी दाखवलं तसं मेलेली नावं जिंकतात. मी वैध मतांचं साधं बहुमत आणि होकाराला यादीच्या निदान ४० टक्के असं ठेवेन, पण यादी आधी घरोघर जाऊन साफ केल्यावरच. गोव्यातल्या दोन पानांना ४४ टक्के होती, म्हणजे हे अशक्य नाही. त्याहून कमी आलं तर आहे ते राहील, आणि हे वाक्य मतपत्रिकेच्या खाली छापलेलं असावं.

एक भोक बुजवता येत नाही, तेही सांगतो. आजची संसद उद्याच्या संसदेला बांधू शकत नाही. निकाल आणि अंमल यांत पाच वर्षं ठेवली तर मधे सरकार बदलून कायदा रद्द होऊ शकतो. म्हणून तारीख जवळची हवी, आणि जवळची तारीख हवी तर वरची सगळी परिशिष्टं मतदानाआधी तयार हवीत. स्विस मतदारांनी २०१४ ला ५०.३ टक्क्यांनी परदेशी लोकांच्या संख्येवर मर्यादा आणायचं थेट राज्यघटनेत घातलं, तपशील तीन वर्षांत संसदेनं करायचा होता. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या कायद्यात मर्यादेचे आकडेच नव्हते.

---

चव्हाट गल्ली

हे आधी सगळं लिहून मग मतदान, असं असंल तर माझी हरकत नाही. एकच विचारायचं राहिलं: हरलेल्यांनी पुढच्या वर्षी परत मागितलं तर?

---

कलम तीन

उत्तर आयर्लंडच्या १९९८ च्या कायद्यात एका कौलानंतर सात वर्षं दुसरा घेता येत नाही. आपल्याकडे जनगणनेशी जोडता येईल, पण जनगणनाच वेळेवर होत नाही हे २०२१ ला बघितलंय. सरळ आकडा घाला. मी दहा म्हणेन.